लाल गाडीचे ब्रेक

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुमच्या आठवणीनं कुणी रडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. आईनं तर तेरावं झाल्याझाल्या तुमचे सगळे पाने-पकडी भंगारवाल्याला वजनावर घातले आणि त्या पैशातून स्वयंपाकघराला फरशी बसवून घेतली. फरशी छान आहे, उन्हाळ्यात पाय गार पडतात. हे तुम्हाला कळवावं असं फार दिवस मनात होतं, पण मी कुठं एका जागी टिकतो? इचलकरंजीत मागावर, बिद्रीला ट्रॅक्टर दुरुस्तीवर, मग कोइमतूरला रेसच्या गाड्यांच्या गॅरेजात. आज घरी आलोय, त्याच फरशीवर बसून लिहितोय, तेव्हा लाल गाडीचं एकदा बोलून घेतो.

गाडी सूतवाल्या शेठची. दोनच माणसांची, परदेशातनं आणलेली. उद्यमनगरातल्या आपल्या गॅरेजात ती आली की शेजारचा टर्नर लेथ बंद करून बघायला यायचा. शेठना ती गावाबाहेरच्या नव्या ट्रॅकवर पळवायची हौस. पहिल्याच रविवारी चार-पाच राउंडांत ब्रेक गेले. चिखलात पाय घातल्यासारखं पेडल तळाला टेकलं आणि गाडी टायरांच्या ढिगात घुसली. शेठ वाचले. तुम्ही तिथंच माझ्या कानफटात मारलीत, कारण सर्व्हिसिंग मी केलं होतं. मी म्हणालो, अण्णा, रस्त्यावरचे ब्रेक ट्रॅकवर टिकत नाहीत, दर वळणाला दाबून दाबून ब्रेकचं तेल उकळतं, त्यात बुडबुडे होतात, मग पायाचा सगळा जोर त्या बुडबुड्यांतच जिरतो. तुम्ही शेठकडं बघून हसलात. "बघा की शेठ, धावी नापास हाय, पर बुडबुडं मोजतंय बेनं." शेठ हसले नाहीत. "पोरगं म्हणतंय ते करून बघू या की," म्हणाले. मग तुम्हाला माघार घेता येईना. "कर तू. जमलं तर पुढच्या खेपंला पैला राउंड तुझा," असं तुम्ही चारचौघांत बोललात आणि शेठनीही मान हलवली.

त्यानंतर मला त्या एका राउंडाशिवाय काही दिसेना. पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तिथं अर्धा दिवस दुर्बिणी विकणाऱ्यापाशीच गेला. त्याच्याकडं एक अशी होती की उलटी धरली तर समोरचा माणूस मुंगीएवढा दिसायचा, आणि मला का कोण जाणे तुम्ही आठवलात. असो, ब्रेकवर येतो. एका जड गाडीच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क, म्हणजे लोखंडी चकत्या मिळाल्या, दोन थरांच्या, मधून हवा खेळणाऱ्या. त्यांना दोन्हीकडून चिमटणारे मोठे कॅलिपर घेतले, ते बसवायला टर्नरकडून ब्रॅकेट करून घेतले, रबरी नळ्या काढून स्टीलच्या जाळीच्या घातल्या, सहजी न उकळणारं तेल भरलं. बंपरपासून डिस्कपर्यंत वारा न्यायला फौंड्रीतल्या ब्लोअरचा जुना पाइप लावला. एवढं सगळं केलं आणि एकच बघायचं राहिलं: मोठ्या डिस्कवर जुनी चाकं बसेनात. "आता चाक कुठं घालायचं रं, तुझ्या डोस्क्यात?" तुम्ही विचारलंत, आणि ते वाक्य उद्यमनगरभर फिरलं. चहावालासुद्धा "या चाकवाले" म्हणायला लागला. मोठी चाकं शेवटी शेठनी मागवली.

ब्रेकचे नवे पॅड डिस्कवर घासून रुळवायला आपण कोडोलीच्या रस्त्याला गेलो. तुम्ही शेजारी बसलेले. मी वेग घेतो, दाबतो, पुन्हा वेग घेतो, पुन्हा दाबतो. जळका वास येतो, मी थांबतो. तुम्ही उतरून पुढच्या चाकाशी बसता. "हिकडं ये. किती तापलंय बघ." मी लांबूनच धग बघतो. तुम्ही माझं मनगट धरता, चाकाच्या आऱ्यांतून आत घालता आणि बोटं डिस्कला टेकवता. "आसं बघायचं असतंय." परतताना गाडी तुम्हीच चालवता, शीळ घालत. घरी आई माझ्या बोटांना खोबरेल लावते.

रविवारी हेल्मेट घालून गाडीत बसलो, पट्टा आवळला. शेठ, त्यांचा पुतण्या, टर्नर, सगळे उभे. तुम्ही दार उघडलंत.

"उतर."

"अण्णा, तुम्ही बोलला होता."

"बोललोतो. आता उतर म्हणतोय." माझी कॉलर तुमच्या मुठीत. "ब्रेक लावणाऱ्यानं ब्रेक लावावं. गाडी पळवायला काळीज लागतंय, त्ये तुला तुझ्या आईनं दिल्यालंच न्हाय."

आई तिथंच उभी होती, तुमचा डबा हातात धरून. मी ओरडलो, तुम्ही ओढलंत. मग पुतण्या बसला. सकाळभर त्यानं गाडी पळवली आणि ब्रेक एकदाही ढिले पडले नाहीत. उतरल्यावर तो म्हणाला, "ब्रेक कडक हायत, अण्णा!" तुम्ही मिशीवरून हात फिरवलात. "आमच्या हातचं काम हाय."

त्याच आठवड्यात मी घर सोडलं. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा एका गाडीचे ब्रेक अर्धे खोललेले होते. ते पुरे केले, चहा प्यायलो, मग निघालो. पोचलो तेव्हा तुमची राखसुद्धा सावडून झाली होती. टर्नर म्हणाला, "मोठ्या दिलाचा मानूस गेला बघ." मी म्हणालो, "व्हय की," आणि स्वतःच्या बोलण्याचं त्यालाच हसू आलं.

तेव्हापासून जिथं गेलो तिथं ही गोष्ट सांगत आलोय: बापानं माझा राउंड खाल्ला, नाहीतर आज मी ड्रायव्हर असतो. लोक हळहळतात. पण कोइमतूरला मालक कितीदा तरी चावी पुढं करायचे आणि मी हाताला ग्रीस असल्याचं सांगायचो. त्या रविवारी पट्टा आवळल्यावर भीतीनं माझा पाय क्लचवर ठरेना. तुम्ही कॉलर धरलीत तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, अण्णा. तुम्हाला ते दिसलं होतं, की तुम्ही नेहमीसारखेच वागलात, ते मला आता कळायचं नाही. आणि तुम्ही जिवंत असता तरी हा कागद मी तुमच्या हाती दिला नसता. तुम्ही तो गॅरेजात मोठ्यानं वाचून दाखवला असता.