मागच्या नळाला हात लावू नकोस

केलन, बाळा, फाटकातून आत येऊ नकोस. आधी हे वाच.

विजेचं बिल परत अंदाजानंच आलं. आपला बिस्किट भुंकत अंगावर धावतो, म्हणून मीटर वाचणारा आत येतच नाही. म्हटलं, आपणच बघू. घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजचाही प्लग काढला, तरी मीटरची चकती फिरतेच आहे! म्हणजे वीज कुठंतरी गळतेय. तेवढ्यात बिस्किट मागच्या नळाला तोंड लावायला गेला आणि केकाटत उलटा पडला. जिवंत आहे, पण अजून थरथरतोय.

आणि तू समुद्रावरून ओला, अनवाणी येतोस तो आधी त्याच नळाखाली पाय धुतोस. 

वीजवाल्यांना फोन केलाय, माणूस निघालाय. मी आणि बिस्किट समोर डोरीनकडे आहोत. तसाच वाळूच्या पायांनी इकडे ये.

मी मगरीला झाडूनं हाकललं म्हणून सांगितलं होतं ना, ती घोरपड होती, कबूल. पण हे खरं आहे. पटत नसेल तर खुशाल खोटारडी म्हण मला, पण इथं येऊन म्हण.

तुझी आजी, नॅन