नेमकं लागलेलं गाणं

ताईला,
धाकट्याची खूप खूप आठवण.

मी मजेत आहे. हॉलमधलं साउंडचं काम अंगवळणी पडलंय, नव्या खोलीला खिडकीही आहे. आईचा गुडघा काय म्हणतो?

तुझ्या घड्याळवाल्याचा पत्ता लागला. त्याच्या तब्येतीची काळजी सोड, अंगानं चांगला सुटलाय. रविवारी आमच्याच हॉलमध्ये त्याचं लग्न झालं.

त्यानं तुला मागणी घातली तेव्हा रेडिओवर नेमकं जे गाणं लागलं, जे तू शकुन म्हणून पाच वर्षं गुणगुणत बसलीस, तेच मी नवरा-नवरी आत येताना लावलं. वाटलं, निदान चेहरा तरी पडेल.

तो सरळ माझ्याकडेच आला. दाढीमुळे मला ओळखलं नाही. म्हणाला, "काय नेमकं गाणं लावलंस रे! कधी ऐकलं नव्हतं. पुन्हा लाव."

मी लावलं. तो नाचला, ताई. ताल एकदाही चुकला नाही.

त्यानं बोलावलं की निघायचं म्हणून भरून ठेवलेली बॅग आता रिकामी कर. त्यातला त्याच्यासाठी विणलेला स्वेटर मला पाठव. इथे थंडी फार आहे, आणि त्याला तो आता होणारही नाही.

तुझाच,
धाकटा