मामा, ते दोन होते

द्रामेन,
१८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नीट पोचले. बस अगदी वेळेवर होती. मामीने दिलेला वाफल्सचा डबा अर्ध्या वाटेतच रिकामा झाला, हे तिला सांग. डबा परत आणून देईन, नाहीतर ती मला दारात उभं करणार नाही.

इथे पाऊस पडतोय. बालवाडीतली मुलं बर्फाच्या ऐवजी चिखलाचा माणूस करतात आणि आम्ही सगळ्या शिक्षिका दिवसभर त्यांचे मोजे वाळवतो. आईला तुझा निरोप दिला. तिने विचारलं, "दादा कसा आहे?" मी म्हटलं, "स्कीवर अजूनही मला मागे टाकतो." ते काही खोटं नव्हतं.

मामा, हे चार दिवस फार सुंदर गेले. यंदा हिवाळा असा पातळ, घराभोवती गवत उघडं पडलेलं, म्हणून येताना मी जरा खट्टूच होते. तूच म्हणालास, "बर्फ खाली येत नसेल तर आपण वर जाऊ. त्याला काय हुंडा द्यायचाय?" मग स्की खांद्यावर टाकून त्या तपकिरी झुडपांतून तासभर चढायचं, बुटांत पाणी, पाठीवर ऊन, आणि वर पोचल्यावर एकदम पांढरं पठार. तू दगडावर बसून म्हणायचास, "स्कीला मेण तू लाव, तुझी बोटं तरुण आहेत." ट्यूबमधलं ते चिकट मेण माझ्या केसांना लागलं तेव्हा तू इतका हसलास की तुझ्या हातातलं संत्रं उतारावरून घरंगळत गेलं. ते आणायला मीच गेले. तू ते कुठे गेलं ते बघतही नव्हतास.

आणि मग स्कीच्या वाटेवरच्या त्या दोन खोबणी. त्यात पाय पडले की तू रुळावरच्या आगगाडीसारखा निघतोस. मी मागून धापा टाकत येते. मी सात वर्षांची असताना, बाबा घर सोडून गेले त्या हिवाळ्यात, तू मला याच वाटेवर आणलं होतंस. म्हणालास, "रडायचं असेल तर रड, पण पाय थांबवू नकोस." मी रडत रडत शिकले.

हे सगळं मी लांबवते आहे, ते तुला कळत असेल.

रविवारचं लिहायचं आहे. लांगेवातन तळ्याच्या काठावर बर्च झाडाच्या दोन फांद्या आडव्या रोवून वाट बंद केली होती. लाल फीत होती. बाजूला फळी होती, तिच्यावर हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की यंदा बर्फ पातळ आहे, काठाने जा. तू त्या फांद्यांच्या शेजारून, काही गुणगुणत, सरळ तळ्यावर गेलास. मी ओरडले. तू मान न वळवता म्हणालास, "काय किंचाळतेस? या वाटेने माझे आजोबा जायचे."

मग तुझी डावी स्की आत गेली. काठ जवळ होता, पाणी गुडघ्याएवढंच होतं, तू लगेच आडवा झालास, मी काठी पुढे केली आणि तू आलास. हे सगळं तू मामीला विनोद करून सांगितलंस. मीही हसले. पण तू बाहेर आल्यावर मी विचारलं होतं, "मामा, फीत दिसली नाही?" आणि तू म्हणालास, "दिसली की. तुझी गंमत केली." तेव्हा तू माझ्याकडे बघून बोलत नव्हतास. माझ्या कानाशेजारच्या हवेशी बोलत होतास.

त्यानंतर मी बघायला लागले. कोको ओतताना तू पेल्याच्या काठावर बोट ठेवतोस. पठारावर भेटलेल्या बाईला तू पोस्टमास्तरीणबाई समजून तिच्या नवऱ्याची चौकशी केलीस, आणि ती कुणी परगावची होती. जेवताना मामी तुझ्या ताटाकडे बघून नुसतं "मासा डावीकडे आहे" म्हणते. किती सवयीने म्हणते.

आणि संध्याकाळी गाडीने डोंगर उतरताना एक भलीमोठी एल्क हरिणी आडवी आली. मी किंचाळले म्हणून तू ब्रेक दाबलास. ती रस्ता ओलांडून गेली आणि तू म्हणालास, "गेली बाई एकदाची," आणि गाडी पुढे काढलीस. मामा, ते दोन होते. तिचं पिल्लू अजून रस्त्यावर उभं होतं. मी स्टिअरिंगला हात घातला म्हणून ते वाचलं. तू मला ओरडलास, "गाडी चालवणाऱ्याचा हात धरू नये, हे मीच शिकवलं ना तुला?" तूच शिकवलंस. म्हणून घरी येईपर्यंत मी गप्प बसले.

येत्या सोमवारी शाळा उघडेल. शेजारच्या एस्तेनच्या दोन्ही मुली सकाळी अंधारात फाट्यावर उभ्या राहतील आणि शाळेत जायला तुझ्या टॅक्सीत बसतील. बर्फ असता तर रस्त्याच्या दोन्ही कडा पांढऱ्या दिसल्या असत्या. यंदा रस्ता काळा, कडा काळ्या, दरी काळी. तू पाठांतरावर गाडी चालवतोस.

निघण्याआधी मी मामीला स्वयंपाकघरात विचारलं. ती भांडं पुसत राहिली. म्हणाली, "त्याला पुरेसं दिसतं गं. आणि मी बसते ना शेजारी." तू म्हणतोस की सोबत म्हणून ती रोज सकाळी येते. ती सोबत म्हणून येत नाही.

हे जाड काळं पेन मी बालवाडीतून आणलंय. अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत, कारण हे तू स्वतः वाचावंस. मामीने वाचून दाखवलं तर ती काही वाक्यं गाळेल. फोनवर तू थट्टा करशील आणि मी हसेन.

सोमवारी जाऊ नकोस. डॉक्टरांकडे जा. गाडीची किल्ली मामीकडे दे. माझा राग राग कर, पण जाऊ नकोस.

तुझ्याच मागून चालायला शिकलेली,
तिरिल

---

द्रामेन,
२४ फेब्रुवारी

मामा,

आज तुला सगळं कळलंच असेल. तरी ते माझ्या हातचं तुझ्याकडे यावं म्हणून लिहिते.

शनिवारी तुझा फोन आला तेव्हा मला वाटलं, तू बोलशील. तू म्हणालास, "पत्र मिळालं. अक्षर सुधार." मी विचारलं, "सोमवारी मुलींना घ्यायला जाणार?"

"सोमवार आहे, शाळा आहे, मुली आहेत. मग कोण जाणार, तू येतेस द्रामेनहून?"

"मामा, तुला ते पिल्लू दिसलं नाही."

"एवढी वर्षं चालवतोय. एका कोंबडीला धक्का लागलेला नाही. आणि तू दोन दिवस पाहुणी येतेस, आमचे वाफल्स खातेस आणि जाऊन मला आंधळा ठरवतेस?" मग तुझा आवाज खाली आला. "गाडी गेली की मी काय राहतो, सांग. खुर्चीत बसलेला म्हातारा. बस दिवसातून दोनदा येते. तुझ्या गुनवोर मामीला चालवता येत नाही. दूध आणायला सुद्धा कुणाची तरी विनवणी. तुला शहरात काय कळणार त्यातलं."

मामीने फोन घेतला आणि म्हणाली, "बटाटे करपतायत, ठेवते."

काल दुपारी मी एस्तेनला फोन केला. आधी वाटलं होतं, माझं नाव सांगू नकोस म्हणावं. पण तसं म्हटलं नाही. जे पाहिलं तेवढंच सांगितलं: फीत, पेला, पिल्लू. शेवटी म्हणाला, "धाकटीला त्याच्या शेजारची पुढची सीट आवडते. गुनवोर असली तर रुसते." आणि फोन ठेवला.

आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या भावाला तू गावापुढे उघडं पाडलंस. मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुला सांगितलं असतं तर तू त्याला फोन केला असतास आणि तो हसला असता आणि तूही हसली असतीस." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

मी बरोबर केलं असं तुला पटवायला लिहीत नाहीये. आज सकाळी साडेसातला मी बालवाडीच्या दारात उभी होते आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाचा हात जरा जास्तच घट्ट धरत होते. तेवढंच मला ठाऊक आहे. दुपारी वाटलं, तू आता स्वयंपाकघरात बसला असशील, कोट घातलेला, जायला कुठे नाही. मग मला मुलांसमोर बसून राहावेना.

ईस्टरला यायचं ठरलं होतं आपलं. तू म्हणशील तसं.

तिरिल

---

स्कुर्वेदाल,
३० मार्च

तिरिल,

हे मी स्वतः लिहितोय. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील. गुनवोर शेजारी बसून आहे, पण तिला म्हटलं, लुडबुड करू नकोस.

डॉक्टरबाई तरुण आहेत, पण मोकळ्या बोलतात. मधलं दिसणं गेलं आहे आणि ते परत येणार नाही. कडेचं राहील. परवाना त्यांनी ठेवून घेतला. मला हे ऑक्टोबरपासून माहीत होतं. शब्द माहीत नव्हता, इतकंच.

एस्तेन अंगणात आला होता. आत ये म्हटलं तर आला नाही. "कधीपासून?" एवढंच विचारलं. मी खरं सांगितलं. तो उभा राहिला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून मी मान खाली घातली. मग तो गेला. मुलींना तो आता स्वतः सोडतो, त्यासाठी सकाळची पाळी सोडली. गुनवोर सांगते, मुली गाडीतून हात करतात. मी आवाजाच्या दिशेने हात करतो.

दुकानातले लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. काही जण म्हणतात, भाचीने घात केला. मी त्यांना थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं.

मला अजून तुझा राग आहे. उगाच गोड लिहिणार नाही. वर पठारावर होता तो बर्फही गेला, सगळीकडे पाणी वाहतंय, म्हणून रोज पायी जातो. चढावर तुझा राग येतो. उतारावर त्या दोन मुली आठवतात. मग खाली बसावं लागतं. एक दिवस बराच वेळ बसलो होतो. गुनवोर शोधत आली. शेजारी बसली. म्हणाली, "मीही गप्प बसले ना." तिचं रडणं मी तिच्या आईच्या मयतीनंतर पहिल्यांदा ऐकलं.

तुझ्या आईला मी फोन केला. म्हटलं, ओस्लाउग, पोरीशी बोल. तिने मला उघडं पाडलं असेल, पण एस्तेनच्या मुली वाचवल्या.

ईस्टरला येऊ नकोस. एवढ्यात नको. मे महिन्यात ये, वाटा सुकलेल्या असतील. बस कुठे थांबते हे आता मलाही नीट माहीत झालंय. मी थांब्यावर येईन.

उतरलीस की आधी बोल. लांबून हसत येऊ नकोस.

तुझा मामा,
एम्ब्रिक