न सुटणारी मूठ

१२ ऑक्टोबर, दुपार

चि. बबडीस,
पोटभर आशीर्वाद.

आम्ही इथे ठीक. तुझ्या बाबांचा खोकला उतरला, औषधापेक्षा माझ्या ओरडण्यानेच. तुझे पाय सुजत नाहीत ना? जिने बेताने चढ. झबली शिवून झालीत, टोपडी राहिलीत.

राहिलीत, कारण आठवडाभर दुकान बंद आहे. एका गिऱ्हाइकासमोर कोटाचं कापड कापत होते आणि कात्री हातातून सुटेना. बोटं उघडायचीच नाहीत. "काकू, कापड माझंच आहे, पळवत नाही मी," तो म्हणाला. मीही हसले.

तुझे आजोबा, माझे वडील, आठव. कुणाचा हात धरला की सोडायचे नाहीत. पाहुणे दारात ताटकळायचे आणि आपण म्हणायचो, म्हाताऱ्याला माया फार. ती नुसती माया नव्हती गं. डॉक्टरीणबाईंना मी हे गमतीने सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. रक्त तपासायला पाठवलं.

स्नायूंचा आजार निघाला, घराण्यात उतरणारा. त्यांनी एक शब्द वापरला, अँटिसिपेशन. मी अर्थ विचारला.

"दर पिढीला हा आजार आधीच्यापेक्षा लवकर येतो," त्या म्हणाल्या, "आणि बहुधा जास्त जोरात."

आजोबांना सत्तरीत, मला पन्नाशीत. पुढचा हिशोब मी केला नाही. खोटं कशाला बोलू, केला, आणि शिलाई मशीनपाशी नुसती बसून राहिले.

मागे तू म्हणालीस, बरणीचं झाकण उघडताना बोटं आखडली. मी म्हटलं, दिवस राहिले की होतं असं काहीबाही. डॉक्टर म्हणतात, तुझ्यात हे उतरलं असेल किंवा नसेल, दोन्ही सारखंच शक्य. उतरलं असेल तर बाळातही जाऊ शकतं, आणि आईकडून गेलं तर कधीकधी जन्मापासूनच त्रास असतो. मला फार भीती वाटते आहे. फोन उचलते, तुझा आवाज आठवतो आणि ठेवून देते.

सोबत माझा रिपोर्ट आहे. तो घेऊन उद्याच तुझ्या डॉक्टरांकडे जा. पोटातल्या बाळाचीही तपासणी होते, पण उशीर नको. जावयांना बरोबर ने. मी येतेच आहे, नको म्हणालीस तरी येणार.

तुझं नाक माझ्यावर गेलं, हे मी भेटेल त्याला सांगत फिरले. आता एवढंच मागते, नाकाशिवाय माझं काहीही तुझ्याकडे आलेलं नसो.

तुझी,
आई