ग्रासियास म्हणजे नको

प्रिय एबर,

पक्षाघातानंतर तुझ्या बाबांकडे एकच शब्द उरला होता, ग्रासियास. भूक लागली तरी आभार, चटका बसला तरी आभारच. म्हणून दर गुरुवारी मी त्यांना चर्चच्या सभागृहात न्यायचे. बोलणं हरवलेली माणसं तिथे गप्पा मारायला जमतात.

पहिल्याच दिवशी तिथलं सगळं बघणाऱ्या इर्माने येर्बाच्या चहाचा एकच पेला सगळ्यांत फिरवला. पेला परत देताना बाबा "ग्रासियास" म्हणाले. पेला परत देताना आभार मानले की 'पुरे', या आपल्या रीतीप्रमाणे तिने ते धरलं आणि पुढच्या फेरीत त्यांना वगळलं.

"काय हो आदेमार, इतका कडू झालाय का माझा चहा?"

"ग्रासियास," ते म्हणाले. डोळे पेल्यावरच होते.

शेजारी बसलेल्या ओफेलियाला शब्द जुळवायला मिनिटभर लागलं. "अगं शहाणे... नको... नको नाही. हवाय!"

सगळे हसले. बाबाही हसले.

त्याच आठवड्यात रविवारी, सात वर्षांनी तुझा फोन आला. ते आजारी आहेत एवढंच तुला ठाऊक होतं.

"बाबा, मी घरी येऊ का?"

फोन गालाशी घट्ट दाबून ते म्हणाले, "ग्रासियास."

तू फोन ठेवलास. मी शेजारीच उभी होते. उलट फोन करून तुला सांगायला हवं होतं. केला नाही. म्हटलं, सात वर्षं आम्हाला विसरलास, आता तूही थोडा जळ. मग आज करते, उद्या करते म्हणता म्हणता बाबाच गेले.

काल दफनाला तुझं पुष्पचक्र आलं. फितीवर तू छापून घेतलं होतंस, "नको म्हणालात, तरी तुमचाच." लोकांनी वाचायच्या आत मी ती फीत सोडवून पर्समध्ये ठेवली.

हे पत्र टाकलं तर तुझे बाबा तुला परत मिळतील, पण मग तुला आई उरणार नाही.

तुझी, अजून तरी,
आई