माझे पती विसरले नव्हते

प्रति,
मा. निर्णय अधिकारी,
वास्तव्य परवाना कार्यालय (विलंबित अर्ज शाखा)

अर्जदार : सौ. बेरिल फरहागे, मु. स्कार्नी बंदर, सफोक, इंग्लंड

विषय : पती श्री. क्राइन फरहागे यांचा मुदतीनंतरचा अर्ज दाखल करून घेणे व विलंबाचे कारण 'विस्मरण' असे न नोंदवणेबाबत.

संदर्भ : आपले दि. २६ फेब्रुवारी २०२४ चे पत्र.

महोदय,

१. उपरोक्त पत्रान्वये आपण विलंबाचे सबळ कारण विचारले आहे, ते सविनय सादर करते. माझे पती जन्माने डच. तरुणपणी हेरिंग मासे पकडणाऱ्या बोटीवर कामाला आमच्या बंदरात आले, माझ्याशी लग्न केले आणि इथलेच झाले. पासपोर्ट मात्र त्यांनी डचच ठेवला.

२. सन २०१६ मध्ये, युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे याच्या सार्वमतापूर्वी, आमचे खासदार श्री. रूपर्ट लार्टर यांनी मासळी लिलावाच्या शेडमध्ये बाहेर पडण्याच्या बाजूने सभा घेतली. मी पतींच्या शेजारी बसले होते. ते उठून म्हणाले, "साहेब, मला मतदानाचा हक्क नाही. पण माझ्यासारख्यांचं काय होणार, तेवढं सांगा." श्री. लार्टर मंचावरून उतरून आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "क्राइन, जे इथे आहेत त्यांचा हक्क आपोआप राहणार. तुम्हाला एकही कागद भरावा लागणार नाही. हा माझा शब्द." शेड टाळ्यांनी दणाणली. मी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले.

३. पुढे देश संघातून बाहेर पडला आणि युरोपीय नागरिकांना इथे राहण्यासाठी अर्ज करण्याची मुदत जाहीर झाली. मी पतींच्या मागे लागले. ते म्हणाले, "आपोआप म्हणजे आपोआप. माणसाने सगळ्यांदेखत शब्द दिलाय. मी अर्ज केला तर त्याला खोटं पाडल्यासारखं होईल." मी चिडले, विनवण्या केल्या. ते बधले नाहीत. २०२१ च्या जूनअखेर मुदत संपली.

४. यंदा जानेवारीत त्यांचे थोरले भाऊ हॉलंडमध्ये वारले. अंत्यविधी उरकून परतताना पतींना इकडच्या बंदरावर अडवले गेले. तपासणीवरील मुलगी भली होती, हे नमूद करणे मी कर्तव्य समजते. ती म्हणाली, "आजोबा, फिरायला आलोय एवढंच म्हणा, लगेच शिक्का मारते." पती म्हणाले, "पोरी, बायको बाहेर गाडीत थांबलीय. मी फिरायला नाही, घरी चाललोय." त्याच बोटीने त्यांची परत रवानगी झाली. मी वाहनतळावर उभी राहून बाहेर येणारा एकेक चेहरा पाहत होते. सगळे संपले, झाडूवाले आत गेले, तेव्हा कुठे मला कळले.

५. त्यानंतर पतींनी अर्ज केला; आपण विलंबाचे कारण विचारल्यावर मी श्री. लार्टर यांना भेटले. सभेत काय म्हणालात ते एका ओळीत लिहून द्या, एवढीच मागणी केली. ते म्हणाले, "बेरिल, जे अर्ज करतील त्यांचा हक्क राहील, असं मी म्हणालो होतो. तेव्हा हे सगळ्यांना ठाऊक होतं."

मी म्हटले, "मग टाळ्या कशाला पडल्या?"

"इतक्या वर्षांपूर्वीचे शब्द कुणाला आठवतात हो?" असे म्हणून ते एकदम मऊ झाले. "क्राइनचं वय झालंय. त्यांना हल्ली आठवत नाही, असं मी माझ्या सहीने लिहून देतो. विसरले म्हणून लिहा. सगळ्यांचीच सोय होईल."

महोदय, ते पत्र मी घेतले. आपल्याकडे पाठवण्यासाठी लिफाफ्यातही घातले.

६. पाठवण्यापूर्वी मी ते पतींना फोनवर वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे घरी यायचं तर मला खुळं ठरायला हवं?"

मी ओरडले, "ठर ना मग! इथे मी भिंतींशी बोलू का?"

 मग त्यांनी हळूच विचारले, "बेरिल, तू शेजारीच होतीस. खरं सांग, तो तसंच म्हणाला होता ना? मला आता वाटायला लागलंय, मीच काहीतरी भलतं ऐकलं."

आयुष्यभर धुक्यात बोट हाकलेला हा माणूस, त्याला स्वतःच्या कानांचा भरवसा उरला नव्हता. मी म्हणाले, "तसंच म्हणाला होता, शब्दन् शब्द." ते पत्र मी त्याच दुपारी श्री. लार्टर यांच्या कार्यालयाच्या दारातून आत टाकून आले.

७. त्यानंतर मी बंदरावर घरोघर फिरले. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बहुतेक म्हणाले, "कशाला जुनं उकरून काढतेस?" मी हात टेकले असता श्री. लार्टर यांच्या कार्यालयातील ऑड्री कॅचपोल आपणहून माझ्या दारी आल्या. सभेत पतींच्या तोंडासमोर माइक त्यांनीच धरला होता; मी त्याची आठवण देण्याआधी त्याच म्हणाल्या, "माइक मी धरला होता गं. मी कशी विसरेन?" त्यांचे शपथपत्र सोबत जोडले आहे. त्या आता त्या कार्यालयात कामाला नाहीत. "तुझं शपथपत्र परत देऊ का?" असे मी विचारले, तर त्या माझ्यावरच रागावल्या.

८. सबब नम्र विनंती की, पतींचा अर्ज स्वीकारावा व विलंबाचे कारण 'दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवला' असे नोंदवावे. हे कारण आपल्या नियमांत बसत नसल्यास तसे स्पष्ट लेखी कळवावे. परंतु दयेपोटी दुसरे कारण घालून परवाना देऊ नये. असा परवाना ते घेणार नाहीत, आणि घ्या म्हणून मी आता त्यांना सांगणार नाही.

९. अर्जातील 'सध्याचा पत्ता' या रकान्यात, पती सध्या हॉलंडमध्ये ज्याच्याकडे अडकले आहेत त्या पुतण्याच्या घरचा पत्ता लिहावा, असे मला सांगण्यात आले. मी आमच्याच घराचा लिहिला आहे. निर्णय काहीही असो, तो याच पत्त्यावर, श्री. क्राइन फरहागे यांच्या नावाने पाठवावा. ते इथे राहतात.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,
नम्र अर्जदार,

(सही)
सौ. बेरिल फरहागे
दि. ११ मार्च २०२४