पेटीत फिरवतं कोण?

ती. आक्कास, धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुझा खोकला बरा असेल अशी आशा आहे. (नसेल तर कळवू नकोस, इथे आधीच काळज्यांना जागा पुरत नाही.) लेकीच्या उपचाराचं काय झालं, असं तू विचारलंस. मला कळलं असतं तर फोनच केला असता. कळलं नाही म्हणून लिहायला बसलो.

जावई कामासाठी परगावी, म्हणून दवाखान्यात तिच्याबरोबर मी. तिथल्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी फार प्रेमाने समजावलं. गर्भ काचेच्या बशीत, तेलाखालच्या थेंबात; ती बशी अंगाइतक्या उबेच्या पेटीत, आणि पेटीत काळोख. इथवर मी मान डोलावत होतो. उभा जन्म कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात काढलेल्या माणसाला पेटी काय शिकवायची? मग त्या म्हणाल्या, आत प्राणवायू बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतो. तिथे माझं डोकं चालेनासं झालं. एवढ्याशा जिवाला हवा कमी? लेक पुटपुटली की पोटात तरी कुठे खिडकी असते. तेही खरंच. मग मी विचारलं, फिरवतं कोण? (अंडं फिरवलं नाही तर पिल्लू कवचाला चिकटतं, हे तुला शंभरदा सांगितलंय.) बाई म्हणाल्या, कुणीच नाही. दारसुद्धा उघडत नाही, आत कॅमेरा आहे.

आता सांग, मी गप्प कसा बसणार? बाहेर बसलेल्या जोडप्यांना आपलं सहज म्हणून सांगितलं की इथे फिरवत नाहीत. बघता बघता सगळे प्रयोगशाळेच्या खिडकीशी, आमचे गर्भ फिरवा म्हणून. शेवटी डॉक्टर बाहेर आले. त्यातून मी सर्दीसाठी छातीला निलगिरी चोळलेली. तिथे उग्र वास चालत नाहीत, गर्भांना बाधतात म्हणे. मला जिन्यात नेऊन बसवलं. लेकीने घरी येईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

चार गर्भांतला एकच वाढतोय. शुक्रवारी तो तिच्या पोटात सोडणार. ही तिसरी खेप, आणि हीच शेवटची असं तिने ठरवलंय. मला भीती वाटते, आक्का. ती खोलीचं दार लोटून पडून असते आणि मी सारखा उघडून चहा, पाणी, पांघरूण विचारत राहतो. काल म्हणाली, "बाबा, त्या बाई पेटी उघडत नाहीत. तुम्ही मलाही उघडून बघू नका." काहीच न करणं मला आजवर जमलेलं नाही, आणि या वयात कुणाकडून शिकू तेही समजत नाही.

बाकी सर्व क्षेम.

तुझा धाकटा

ता.क. शुक्रवारपर्यंत आजारी पडशील का? पाय सुजलेत, तुझ्या बाबांना पाठव, एवढंच तिला फोनवर सांग. आपणहून निघालो तर रुसलो म्हणेल, आणि घरात राहिलो तर दार उघडेन.

ता.क. २. तुझ्याकडे येणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती पत्र द्यायला निघालो, तर लेकीने दारात अडवलं. म्हणाली, "कुठे निघालात? शुक्रवारी माझा हात धरायला कोण येणार?" लिहिलंच आहे तर पत्र पाठवतो, पण तू आपली ठणठणीतच राहा.